आमची वाटचाल : यंत्रदुरुस्तीपासून प्रथिनांपर्यंत

भोसरीच्या एका गाळ्यात आम्ही औषध कंपन्यांची एफटीआयआर यंत्रं, म्हणजे पदार्थ कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो हे मोजणारी यंत्रं, दुरुस्त करायचो. आतला पोटॅशियम ब्रोमाइडचा बीमस्प्लिटर (प्रकाशझोत दोन भागांत विभागणारा भाग) दमट हवेने धुरकटतो, म्हणून पावसाळा म्हणजे आमचा सीझन.

पुढे एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आमच्या पेप्टाइडची घडी नीट बसलीय का, हे यावर कळेल?" कळतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मोठी झाली की प्रथिन; आणि ती जशी दुमडते ती तिची घडी. पेप्टाइड बंधातल्या कार्बन-ऑक्सिजन जोडीचं कंपन १६०० ते १७०० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्येच्या) पट्ट्यात दिसतं, त्याला अमाइड-१ म्हणतात. साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली, म्हणजे अल्फा हेलिक्स, असेल तर पीक (आलेखातलं टोक) १६५५च्या आसपास, पट्ट्या शेजारी-शेजारी लागलेली बीटा शीट असेल तर १६३०कडे. आम्लात तापवलेल्या इन्शुलिनचे तंतू व्हायला लागले की पीक खाली सरकताना दिसतो. इथून आमचं टेस्टिंग सुरू झालं.

खरी कटकट पाण्याची. त्याचंही शोषण १६४५च्या आसपासच, नेमकं प्रथिनाच्या अंगावर. जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) वापरलं की ते बाजूला होतं, पण गिऱ्हाइकाला निकाल त्याच्याच बफरमधला, म्हणजे नमुना ठेवलेल्या द्रावणातला, हवा असतो. मग कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन काचांमध्ये सात-आठ मायक्रॉनचा थर धरायचा आणि यंत्रातून कोरडा नायट्रोजन सोडत राहायचा, कारण हवेतली वाफसुद्धा स्पेक्ट्रमवर बारीक काटे उमटवते.

कृत्रिम पेप्टाइडची गंमत वेगळीच. शुद्धीकरणात वापरलेलं ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल त्याला चिकटून येतं आणि १६७३ला ठसठशीत पीक देतं. नवखा माणूस त्याला साखळीचं वळण समजून मोकळा होतो. आता असं सॅम्पल आलं की आम्ही आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून पुन्हा लायोफिलाइज करून (गोठवून सुकवून) मागतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, आठवडा जातो, पण त्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही.

'हेलिक्स ४२.३ टक्के' असा रिपोर्ट मात्र आम्ही देत नाही. एकमेकांत मिसळलेले पीक सॉफ्टवेअरने सुटे करताना हवा तो आकडा काढता येतो. दोन बॅच सारख्या आहेत का, हे आम्ही छातीठोक सांगतो. बायोसिमिलरवाल्यांना (मूळ जैविक औषधासारखं औषध बनवणाऱ्यांना) बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

सध्या रामन यंत्र घेतोय, लेझर टाकून नमुन्यातून विखुरलेला प्रकाश वाचणारं. तिथे पाणी फारसं आड येत नाही, आणि ५०० ते ५५०च्या पट्ट्यात डायसल्फाइड बंधही (गंधकाच्या दोन अणूंमधले) दिसतात. कर्ज मंजूर झालंय, वाद लेझरचा आहे. भागीदाराला ५३२ नॅनोमीटरचा हवाय, सिग्नल जोरदार मिळतो म्हणून. मी ७८५च्या बाजूचा. सॅम्पलमधल्या अशुद्धी चमकून सगळा स्पेक्ट्रम बुडवतात, तो त्रास त्यात कमी.