गुरुवारचे घर

गेल्या डिसेंबरात बाबांना घेऊन मी नाशिकहून पुण्याला गेले. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत, मधुमेही आहेत आणि गुडघ्यांनी बेजार आहेत, म्हणून हा प्रवास नको असे मी परोपरीने सांगून पाहिले होते. पण ‘ज्या सात घरांत जेवून मी मॅट्रिक झालो, ती घरे एकदा डोळ्यांखालून घालायची आहेत’, असे ते म्हणाले आणि माझे बोलणे संपले. चाकणच्या वाहतुकीत एस.टी. दीड तास जागच्या जागी उभी राहिली. नळ स्टॉपजवळ ज्या हॉटेलात उतरलो, तिथली लिफ्ट बंद होती आणि खोली तिसऱ्या मजल्यावर होती. वयस्कर माणसाला घेऊन येणार असल्याचे फोनवर दोनदा सांगूनही असे व्हावे, याचा मला अजून राग येतो. पहिला दिवस शनिवारवाडा, दगडूशेठ आणि तुळशीबागेत गेला. त्याबद्दल लिहावे असे काही नाही.

बाबांचा जन्म १९४६ चा, राजापूर तालुक्यातला. आजोबांची भिक्षुकी, घरात पाच भावंडे आणि शेती नावापुरती. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून १९५९ च्या जूनमध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन ते एस.टी.ने कोल्हापूरला आणि तिथून रेल्वेने पुण्याला आले. सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराजवळच्या एका वाड्याच्या माडीवर तीन मुलांत मिळून एक खोली मिळाली आणि पेरुगेटाजवळच्या भावे स्कूलमध्ये आठवीत नाव घातले. जेवणासाठी गावाकडच्या एका परिचिताने सात घरी शब्द टाकून वार लावून दिले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवडाभर दुपारचे जेवण व्हायचे. रात्री चुरमुरे किंवा डाळे-गूळ. गरीब मुलांनी असे वार लावून शिकणे पुण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. ही दारे बाबांना उघडी होती, कारण ते त्या घरांच्या जातीतले होते. त्यांच्याइतक्याच हुशार आणि त्यांच्याहून गरीब अशा कितीतरी मुलांना त्या उंबऱ्यापर्यंतही जाता येत नव्हते. हे बाबा स्वतःच सांगतात, आणि ते इथे लिहिले नाही तर ही हकीकत अपुरी राहील.

दुसरा दिवस गुरुवार होता. बाबांचा गुरुवारचा उपवास असतो. मला आठवते तेव्हापासून तो आहे. दिवसभर चहा-पाणी आणि रात्री जेवण. देवघरात दत्ताची तसबीर असल्यामुळे तो दत्ताचा उपवास आहे, असे आम्ही दोघी बहिणी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हणून बजावले आहे, तरी ते ऐकत नाहीत.

सकाळी रिक्षाने निघालो. सोमवारच्या घराजागी चार मजली इमारत, मंगळवारच्या जागी कापडाचे दुकान, रविवारच्या जागी दुचाक्यांचा वाहनतळ. शनिवारचा वाडा तेवढा उभा होता, पण त्याच्या दिंडी दरवाजाला कुलूप होते. बाबा प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबत, हात जोडत आणि ‘चल’ म्हणत. लक्ष्मी रस्त्यावर पदपथ फेरीवाल्यांनी आणि गाड्यांनी इतका व्यापला होता, की आम्हाला रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालावे लागले. अलका टॉकीजच्या चौकातून केळकर रस्त्याने आम्ही नारायण पेठेत शिरलो, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नदीच्या बाजूच्या एका बोळात, नव्या इमारतीच्या फाटकाशी बाबा थांबले आणि त्यांचा हात थरथरताना मला दिसला. मी पर्समधला लाडू काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली. माझा धीर सुटला आणि भर बोळात मी त्यांना म्हणाले, “बाबा, तुम्ही इथे पडलात तर दत्त येणार आहेत का उचलायला?”

बाबा फाटकाच्या कट्ट्यावर बसले. पहारेकऱ्याने न सांगता खुर्ची आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर बाबा म्हणाले, “अगं, हा दत्ताचा उपवास नाही. हे गुरुवारचे घर.”

ते मग सलग बोलत राहिले. १२ जुलै १९६१ हा बुधवार होता. सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत पाणी भरले आणि मातीच्या भिंतींचे वाडे एकामागून एक बसले. बाबांची खोली उंचावर होती, तिथे पाणी आले नाही. धरणच गेल्यामुळे नळ कोरडे पडले आणि लोक जुन्या आडांवर आणि हौदांवर पाण्यासाठी गर्दी करू लागले. बुधवारचे जेवण चुकलेच. गुरुवारी शाळा बंद होती आणि बाबा दहावीतले पंधरा वर्षांचे पोर होते. दुपारी ते गुडघाभर गाळ तुडवत या बोळात आले.

वाडा नव्हता. दगडी जोते होते, त्यावर मातीचा आणि वाशांचा ढीग होता आणि सगळीकडे भिजून आंबू लागलेल्या धान्याचा वास होता. गाळात एक पितळी पातेले अर्धवट रुतले होते. काठाला पोचा होता, त्यावरून त्यांनी ते ओळखले, आमटीचे पातेले. घरातली माणसे आदल्या दिवशीच बाहेर पडली होती आणि सगळी सुखरूप होती, हे त्यांना शेजाऱ्याकडून कळले.

“मी त्यांची विचारपूस करायला आलो नव्हतो,” बाबा म्हणाले. “मी जेवायला आलो होतो. वाटेत सगळी पडझड दिसत होती, तरी मनात हेच की आज गुरुवार, आज काकूंकडे आमटी-भात. वाडा पडलेला दिसला तेव्हा पहिला विचार आला तो ‘आता मी जेवू कुठे’ हा.”

पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. हे कुटुंबही कुठेतरी गेले असेल. बाबांनी शोध घेतला नाही. “पत्ता काढणे अवघड नव्हते. पण मी दारात उभा राहिलो असतो तर वाराचा मुलगा जेवायला आला, असेच त्यांना वाटले असते. त्यांच्यापाशीच काही उरले नव्हते.” वार लावून देणाऱ्या परिचितांनी गुरुवारसाठी दुसरे घर बघून देतो म्हटले, तेव्हा बाबांनी सांगितले, की मी दत्ताचा उपवास धरला आहे.

१९६३ मध्ये ते अकरावीची मॅट्रिक झाले, मग दिवसा नोकरी करून सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. झाले, विमा महामंडळात लागले, नाशिकला आले, १९७२ मध्ये लग्न झाले. ही नऊ-दहा वर्षे त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. मी विचारले, “आईला माहीत होते?”

“तिला लग्नाच्या पहिल्याच गुरुवारी सांगितले.”

तेव्हा मला आमच्या घरचे गुरुवार आठवले. दर गुरुवारी वसतिगृहातला एक मुलगा दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा. मुले बदलत गेली, गुरुवार चुकला नाही. आई त्यांच्या जातीची चौकशी कधी करत नसे. मला ती मुले आवडत नसत, कारण तव्यावरची पहिली पोळी त्यांच्या ताटात पडायची आणि आई मला दोनदोनदा विचारायची, पण त्यांना कधी विचारायची नाही, सरळ वाढायची. एकदा मी त्या मुलासमोरच ‘आमच्याकडे रोज का येत नाहीस, म्हणजे आम्हाला काहीच उरणार नाही’, असे म्हटले होते. आईने मला माजघरात नेऊन गप्प बसवले, पण तो मुलगा पुढच्या गुरुवारी आला नाही. मी ते आजवर कुणाला सांगितले नव्हते. त्या कट्ट्यावर बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, माझ्या हातातला लाडू त्यांनी पिशवीत ठेवला.

“आई त्यांना ‘वाढू का’ असे का विचारायची नाही?” मी थोड्या वेळाने विचारले.

“इथल्या काकूंचे मी तिला सांगितले होते. वाराच्या मुलाला विचारले, की तो ‘नको’ म्हणतो. काकू विचारत नसत, वाढत.”

पुणेकरांच्या आगतस्वागतावर होणारे विनोद मीही ऐकले आहेत आणि केलेही आहेत. आता ते माझ्याने होणार नाहीत. पहारेकऱ्याचे आभार मानून आम्ही उठलो. लकडी पुलावर बाबा कठड्याला हात लावून बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मुठेला पाणी जेमतेम होते. डेक्कनहून मेट्रोने नळ स्टॉपला उतरलो. सरकत्या जिन्याने बाबांचे गुडघे वाचले, ही त्या दिवसातली एकमेव सुखसोय.

रात्री हॉटेलशेजारच्या खानावळीत थाळी घेतली. बाबांनी उपवास सोडला, एक पोळी आणि थोडा भात खाल्ला आणि हात आखडता घेतला. वाढपी आमटीचे पातेले टेबलावर ठेवून पलीकडे गेला होता. मी पळी उचलली आणि बाबांना न विचारता त्यांच्या भातावर आमटी वाढली.