फुगा येऊ न देता

सप्टेंबरातली दुपार. गराजचं दार अर्धं वर केलंय, खालून उन्हाची पट्टी आत आलीय आणि मी टेबलावर सहा बाण ओळीनं मांडून बसलोय. बाण म्हणजे अजून नुसत्या काळ्या कार्बनच्या नळ्या. ना पिसं, ना टोक. एक ऑक्टोबरला मिशिगनात धनुष्यबाणानं हरणं मारायचा मोसम उघडतो. त्याआधी महिनाभर माझं हे चालतं.

बायको चहा ठेवायला आली. टेबलावरचे कापलेले चौकोनी कागद, पट्टी, फडकं बघून म्हणाली, "वह्यांना कव्हरं घालतोयस की काय?"

ती बोलून गेली, दार लोटून आत गेली. मी मात्र तिथंच अडकलो. चहावर साय धरली.

कव्हरं घालणं हा आमच्या घरी अण्णांचा प्रांत होता. कराडात जूनचा पहिला पाऊस झाला की खाकी कागदाचे ताव यायचे. आई स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची आणि अण्णा तीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, झुरळांनी वह्या कुरतडू नयेत म्हणून. त्या खळीला एक निळसर झाक यायची आणि वास असा की आजही कुठं जुनं बांधीव पुस्तक उघडलं की मला एकदम नवा दप्तर-पट्टा खांद्याला काचतो. कागद दुमडायला आम्ही भावंडं चालायचो. लेबल लावायचं काम मात्र ते कुणाच्या हाती देत नसत. खळ मधून कडेकडे पसरायची, एक कड पट्टीला टेकवायची आणि उरलेलं लेबल हळूहळू खाली सोडायचं. "चिकटवू नकोस, निजव," म्हणायचे. मग चमच्याची पाठ फिरवायची. खाली फुगा राहता कामा नये.

माझ्या भूगोलाच्या वहीवर एकदा ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा राहिला. लेबल मीच लावलं होतं, ते कचेरीतून यायच्या आत. फुगा कंपासच्या टोकानं फोडला तर तिथं सुरकुती पडली. दिवाळीच्या सुटीत कधीतरी ती वही त्यांच्या हाती लागली. सुरकुतीवरून अंगठा फिरवला, वही जागेवर ठेवली आणि पेपर वाचायला लागले. ओरडले असते तर मी विसरलो तरी असतो.

तर हा रॅप म्हणजे दुसरं काय आहे? चार इंच लांबीचा विनाइलचा पातळ तुकडा. बाणाच्या शेपटीकडून, नॉकच्या, म्हणजे दोरी अडकते त्या खाचेच्या, अलीकडे, नळीभोवती एक वेढा. त्यावर मग पिसं. हे कशाला, असं कुणी विचारलं तर तीन कारणं तोंडपाठ आहेत. उघड्या कार्बनपेक्षा विनाइलवर गोंद चांगला धरतो. पिसं झडली की गरम पाण्यात बुडवून रॅपसकट सगळं सोलून काढता येतं, सुरीनं खरवडत बसावं लागत नाही. आणि पाचोळ्यात पडलेला बाण लांबून दिसतो. तिन्ही खरी आहेत. पण सहा बाणांसाठी मी सहा संध्याकाळी रंग बघत बसतो, त्याचा या तिन्हींशी काही संबंध नाही.

लावायची रीत तीच, फक्त खळ नाही. नळी अल्कोहोलनं पुसायची आणि नंतर तिथं बोट लावायचं नाही. माझ्याकडे जुना माऊसपॅड आहे, माऊसच्या पोटात गोळी असायची त्या काळातला. त्यावर रॅप पालथा, चिकट बाजू वर. बाण कडेला अगदी समांतर धरायचा, टेकवायचा आणि एका दमात पुढं लोटायचा, आजी मांडीवर वात वळायची तसा. इथं थांबलात की फुगा. सुरुवातीला कड केसभर जरी तिरकी असली तरी वेढा पुरा होईस्तोवर ती जिन्यासारखी वर चढलेली असते. सहातला एक दरवेळी बिघडतो. तो कितवा असेल ते सांगता येत नाही, बहुतेक पाचवा. पहिल्या चारांनी डोक्यात हवा जाते.

रंगांच्या बाबतीत माझी काही मतं आहेत आणि ती कुणी विचारत नाही. कवटीचं चित्र असलेले रॅप मिळतात. ज्वाळांचे मिळतात. सापाच्या कातडीचे मिळतात. माणूस पंचेचाळिशीनंतर कवट्या गुंडाळलेले बाण घेऊन पहाटे झाडावर चढून बसतो, त्याला घरी कुणी काही बोलत नसेल का, असा मला प्रश्न पडतो. मी बरीच वर्षं मोरपंखी लावत होतो, वरच्या कडेला जरीसारखी सोनेरी रेघ. "पैठण्या नेसवल्यात बाणांना," असं बायको पाहुण्यांना दाखवायची.

या रॅपच्या आधी लाकडी बाणांवर रंगांची वलयं काढत. लाल, मग पिवळं, मग दोन बारीक काळी, असं ज्याचं त्याचं ठरलेलं. बाण कुणाचा ते त्यावरून कळायचं. म्हणजे लेबलच. नाव, इयत्ता, तुकडी.

आणि वजन. इथं बाणाचं सगळं वजन ग्रेनमध्ये मोजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं वाटलं, पण इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळाच मुळी १८० ग्रेनचा ठरवून दिला होता. माझा टोकासकट बाण साधारण ४५० ग्रेन भरतो, म्हणजे अडीच तोळे. रॅप सात-आठ ग्रेन, म्हणजे चार गुंजा. हे गणित जमल्यापासून शेपटीला वजन वाढलं की मला सोनारापुढं बसल्यासारखं होतं.

पिसं टर्कीची. प्लॅस्टिकची मिळतात, पावसात ती बरी, कारण खरं पीस भिजलं की मान टाकतं. पण प्लॅस्टिकला हात लावला की हाताला काही कळत नाही. टर्कीच्या पिसाला अंगचंच वळण असतं. डाव्या पंखाचं एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. बाणावर पीस किंचित पिळात बसवायचं असतं, म्हणजे बाण स्वतःभोवती फिरत जातो. त्यामुळं डाव्या पंखाची पिसं असतील तर पीळही डावाच हवा. एका बाणावर डावं-उजवं मिसळून चालत नाही. मी एकदा डझनभर उजवी पिसं डाव्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे पीस धरायच्या डाव्या पिळाच्या चिमट्यात, दाबून बसवली होती. गोंदानं धरली, दिसायलाही ठीक. पण प्रत्येक पिसाच्या टाचेशी कागद उचलल्यासारखी फट. तीन पिसांतलं एक वेगळ्या रंगाचं असतं, त्याला इथले लोक कोंबडा म्हणतात आणि उरलेल्या दोघींना कोंबड्या. इंग्लंडात टर्की पोचायच्या आधी हे सगळं हंसांवर भागायचं. पाचव्या हेन्रीनं १४१७ साली हुकूम काढला होता, प्रत्येक हंसामागे सहा पिसं सरकारजमा. सहाच का, तर बाणासाठी पंखातली मोजकीच मोठी पिसं कामाची. हे वाचल्यावर मला आधी वसुलीला गेलेला कारकून दिसला, वही घेऊन.

माझा पहिला पिसाचा बाण मात्र कोंबडीचा. रविवारी सकाळी टीव्हीपुढं सगळी गल्ली ओस पडायची ते दिवस. कामटीला सुतळी बांधून धनुष्यं झाली होती, पण बाणांचं जमत नव्हतं. खराट्याचे हीर हलके, मारले की भरकटायचे. मग उसाला तुरा आला. तुरा आला की साखर उतरते, म्हणून शेतकरी कपाळाला हात लावायचे. आम्ही पोरं मात्र त्या तुऱ्याच्या दांड्यांवर तुटून पडायचो. सरळ, हलक्या, पेरं नसलेल्या. त्यासुद्धा सुटल्या की दहा पावलांवर आडव्या व्हायच्या. कुणीतरी म्हणालं, पिसं लाव. खाटकाच्या दुकानामागून मी दोन पिसं उचलून आणली, मधोमध फाडली, आईच्या दोऱ्यानं बांधली. तो बाण जो गेला तो थेट शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गोधडीत. एवढं सरळ काही माझ्या हातून त्याआधी गेलं नव्हतं. पिसं कुठून आणली हे कळल्यावर आजीनं मला अंगणातच अंघोळ घातली, थंड पाण्यानं. बाण बंबात गेला.

त्याच आजीबरोबर मार्गशीर्षात दत्ताच्या देवळात कीर्तनाला जायचो. बुवा दत्तगुरूंचे चोवीस गुरू सांगायचे. पृथ्वी, वायू, आकाश इथवर मी जागा असायचो, मग अजगराच्या सुमाराला डोळे मिटायचे. पण बाण करणारा यायचा तेव्हा आजी कोपरानं ढोसायची. तो यायचा हातातली कांकणं उतरवणाऱ्या कुमारिकेच्या पाठोपाठ. दुकानात बसून बाण सरळ करतोय, शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. असं ध्यान लागावं, म्हणायचे बुवा. आजीला वाटत असणार, पोराचं अभ्यासात लागेल.

माझ्या शेजारून राजा जात नाही. पार्सलची गाडी जाते, तिला मी हात करतो. फोन वाजतो, तो घेतो. धुण्याचं मशीन थांबलं की ते मला आधी कळतं. क्लॅम्पमध्ये पीस धरून गोंद वाळायची वाट बघत असताना मी आत्तापर्यंत तीन वेळा खिडकीतून शेजारच्या घराकडे बघितलंय.

शेजारी म्हातारा राहतो. गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवण्यात आयुष्य गेलं. हे सगळं त्यानंच शिकवलं मला, जिग, म्हणजे पिसं बसवायचा साचा, कसं लावायचं, पिसाच्या दांडीवर गोंद किती. एवढासा ठिपका पुढं, एवढासा मागं, आणि मध्ये केसासारखी रेघ. बोटं जाडजूड, पण त्याच्या रॅपचा सांधा नखानं शोधावा लागतो. अण्णांशी त्याचं पटलं असतं. एकाच गोष्टीत मला तो अगदी अरसिक वाटायचा. त्याचे सगळे रॅप पांढरे. कोरे. एकदा मी विचारलं, "एवढा हात चांगला आणि पांढरे का?" खांदे उडवून म्हणाला, "पांढरं स्वस्त पडतं."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, शेवटच्या आठवड्यात, मी एका मादीवर बाण सोडला. अंतर वीस यार्ड, माझ्या सरावातलं. बाण सुटताना ती अर्धं पाऊल पुढं सरकली. बाण आरपार गेला आणि ती पाठीची कमान करून, सावकाश, झाडांत शिरली. मी खाली उतरून बाण उचलला. अंधार पडत होता. विजेरी धरली, पण मोरपंखी कागदावर ओल आहे एवढंच दिसत होतं. ओल कसली ते दिसेना. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासात हरीण सापडतं. काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांबावं लागतं. आणि हिरवट तपकिरी असेल तर पोट. तेव्हा मागं जायचंच नाही, रात्रभर थांबायचं. मागं गेलात तर ते उठतं आणि मग मेलं तरी सापडत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हातारबाला फोन केला आणि म्हणालो, लाल दिसतंय.

तो आला. बाण हातात घेतला, विजेरीच्या उजेडात कागद फिरवून बघितला, मग नाकापाशी नेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी चल."

त्या रात्री दव गोठलं. मी झोपलो नाही. दर तासाला उठून खिडकीपाशी जात होतो, जणू तिथून काही दिसणार होतं. सकाळी आठला आम्ही गेलो. ती दोनशे पावलांवर होती, तळ्याच्या काठाला, तोंड पाण्याकडे. आडव्या झाल्याच्या तीन जागा वाटेत लागल्या, गवत दबलेल्या. म्हणजे ती तीनदा उठली होती. म्हातारबा एकेका जागेपाशी थांबत होता आणि काही बोलत नव्हता. त्याची टोपी त्याच्या हातात होती, थंडी असूनही.

चहा पार गार झाला. बायको कप न्यायला आली तेव्हा पाचवा बाण माऊसपॅडवर होता. कड टेकवली, लोटला. नखानं सांधा शोधला, फुगा नाही. तिनं ओळीकडे बघितलं, मग फळीवरच्या मोरपंखी गुंडाळीकडे.

"या वर्षीपण पांढरेच?"

"पांढरं स्वस्त पडतं," मी म्हणालो आणि सहावी नळी पुसायला घेतली.