जांभ्यातली विहीर आणि वरचा शोषखड्डा

राजापूर तालुक्यातील आमची वाडी सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माळाच्या, उतारावर वसलेली आहे. आम्ही पिण्याचे पाणी एका जुन्या सार्वजनिक विहिरीतून घेतो आणि धुण्याभांड्यांसाठी व गुरांसाठी खालच्या पऱ्ह्याचा (ओहोळाचा) आधार असतो. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, परंतु ते डोळ्यांना नितळ दिसत असल्याने अहवालावर कोणाचा विश्वास बसेना. ग्रामपंचायतीच्या पाणी व स्वच्छता समितीची सदस्य या नात्याने पाठपुरावा माझ्याकडे आला.

पहिले काम फेरतपासणीचे होते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मिळते. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावायचे नाही, वर थोडी जागा मोकळी ठेवायची आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवायची. भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात एकही ई-कोलाय जंतू आढळता कामा नये. आमच्या नमुन्यात ते पुन्हा आढळले, म्हणजे मैल्याचा अंश पाण्यात उतरत होता.

त्यानंतर गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकांसह आम्ही विहिरीच्या वरच्या अंगाचा परिसर पायी पाहिला. विहिरीच्या जोत्याला तडे गेले होते आणि सांडपाणी परत आत मुरत होते, हे लगेच दिसले. परंतु मला अधिक काळजी वाटली ती चढावरच्या एका घराच्या संडासाच्या शोषखड्ड्याची. जाड मातीच्या थरातून पाणी सावकाश गाळले जाते, तर जांभ्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून ते फारसे न गाळता झपाट्याने खाली येते आणि खालच्या चिकण थराला अडून झऱ्यांच्या रूपाने विहिरीत उतरते. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ का गाठतात, त्याचेही कारण हेच आहे.

ग्रामसभेत हा विषय मांडताना घरमालकांचे नाव घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. तरी ते स्वतःच उठून म्हणाले, “ताई, खड्डा वडिलांच्या वेळचा आहे. हलवायचा तर जागा कुठली?” प्रश्न रास्त होता, कारण त्यांच्या उरलेल्या जागेत उघडा कातळच होता. अखेर शेजाऱ्यांनी विहिरीच्या खालच्या बाजूची, पऱ्ह्यापासूनही दूर असलेली मातीची जागा दिली, वाडीने श्रमदानाने खोदाई केली आणि जोते व सांडपाण्याचा पाट यांचे काम पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या, निधीतून झाले. हा शेजारधर्म नसता तर ठराव कागदावरच राहिला असता.

काम पूर्ण झाल्यावर गाळ उपसला आणि हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे निवळलेले पाणी विहिरीत सोडले. पुढचा नमुना पिण्यास योग्य आला. पावडरीचा परिणाम काही काळच टिकतो, म्हणून तो ओसरल्यानंतरचा नमुनाही आम्ही मुद्दाम पाठवला आणि तोही चांगला आला.

पऱ्ह्याचे काम अजून शिल्लक आहे. तेथे दरवर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, आणि अडवलेल्या त्याच पाण्यात साबणाची धुणी होतात. धुण्याचे दगड काठापासून मागे घेऊन त्यांचे पाणी केळीच्या आळ्यांत सोडावे, असा प्रस्ताव महिला ग्रामसभेपुढे ठेवला आहे.