राखेचा बल्कर आणि खानापूरची माती

बेळगावजवळ मच्छेच्या पुढे, खानापूर रस्त्याला आमचा काँक्रीटचा प्लांट आहे. मी तिथे क्वालिटी बघतो. त्या दिवशी सकाळी फ्लाय अ‍ॅशचा बल्कर (भुकटीचा टँकर) सायलोला, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीला, लावलेला होता. कॉम्प्रेसर सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तोच फाडकन आवाज झाला. राख वर नेणाऱ्या होजचं कपलिंग, म्हणजे जोड, निसटलं होतं.

चालकाने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर आमचे सायलो ऑपरेटर राखेच्या लोटात सापडले होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. बाहेर आले तेव्हा भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या, सगळं एकाच करड्या रंगाचं. "साहेब, डोळं उघडंनात," एवढंच बोलले आणि खोकायला लागले. बोअरच्या पाण्याचा पाइप धरून मी पंधरा-वीस मिनिटं त्यांचे डोळे धुतले. पाणी राखेचंच वाहत होतं. त्यांच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला होता. मास्क होते, पण स्टोअरमध्ये, खोक्यात. ही चूक आमची, माझीही.

डोळे वाचले. खोकला मात्र आठवडाभर गेला नाही.

फ्लाय अ‍ॅश म्हणजे वीज केंद्रात दगडी कोळसा जळल्यावर धुरातून पकडलेली राख. सिमेंटच्या काही भागाऐवजी ती काँक्रीटमध्ये घालतात. पीठही जाडं वाटावं इतकी बारीक, म्हणून ती श्वासाबरोबर खोल जाते. तिच्यात सिलिका असते, आर्सेनिक, क्रोमियम, शिसं यांचे अंश असतात. काँक्रीट घट्ट झालं की हे बहुतेक आत अडकून पडतं, त्यामुळे असल्या घरात राहणं धोक्याचं, असं मी म्हणणार नाही. धोका कोरडी राख हाताळणाऱ्याला आहे, आणि वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यांशेजारी राहणाऱ्या गावांना आहे. स्लॅब घालून घेणाऱ्या मालकाला यातलं काहीच दिसत नाही.

कामावर परतले त्या दिवशी मामांनी विचारलं, "ह्येच्याबदली दुसरं काय चालत न्हाई व्हय?"

मी मालकांकडून ट्रायल घ्यायची परवानगी काढली.

आधी स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना उरणारी मळी, दळलेली. तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यामुळे तो आमच्या भागाला मिळण्यासारखा आहे. आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये तो ७० टक्क्यांपर्यंत चालतो. सात दिवसांचे क्यूब (ताकद बघायला दाबून फोडतात ते काँक्रीटचे ठोकळे) मागे राहिले, २८ दिवसांचे चांगल्या ताकदीला फुटले. पण सेंटरिंग लवकर काढायची घाई असलेला कंत्राटदार सात दिवसांचा आकडा बघूनच तोंड फिरवतो. शिवाय तोही बल्करनेच येतो, त्याच होजमधून, आणि त्याची धूळही डोळ्यांना झोंबतेच.

मग चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याची बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख आणली. आली तशीच घातली आणि मिश्रणाने पाणी पिऊन टाकलं, स्लम्प (ओलं काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप) बसलाच नाही. क्यूब फुटल्यावर आत बघितलं तर अर्धवट जळलेल्या चोथ्याचे काळे धागे. पुढच्या खेपेला ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढून दळून घेतली, तेव्हा कुठे ती कामाची ठरली. आपल्या भागात गाळप हंगामात हिचे ढीग पडतात, पण चाळणं आणि दळणं कोण करणार, तिथेच गाडी अडते.

खरी गोष्ट मामांनीच काढली. त्यांचे वडील खानापूरला कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते. तो फुटका क्यूब हातात फिरवत मामा म्हणाले, "सुरखी का घालत न्हाईसा? पण कच्ची भाजल्याली इट पायजे. करपून काळी झाल्याली फुकट."

मी गप्प झालो. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, आणि हेच तर मी अलीकडे वाचत होतो. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, असलेली माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की तिच्यात बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती चुन्याशी संयोग पावते. त्याच्या फार वर तापवली की निष्क्रिय होते. एलसी-थ्री या भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटचा पाया हाच: निम्मं क्लिंकर (दळून सिमेंट करतात ते भट्टीतले खडे), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. क्लिंकरला १४५० अंश लागतात आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो, म्हणून ते निम्म्यावर आणलं की कार्बन डायऑक्साइड ३० ते ४० टक्क्यांनी घटतो. २०२३ मध्ये त्याचं मानक आलं, आयएस १८१८९. आणि म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण सुरखी-चुन्यातच बांधलेलं आहे. चुनखडी लोकापूर-बागलकोटकडे आहे. कोळशाच्या राखेची गरजच नाही.

अर्थात, लाल दिसते ती प्रत्येक माती चालत नाही, आत केओलिन पाहिजे. मामांनी गावाकडच्या तीन जागांची माती पिशव्यांत भरून आणली. आम्ही ती एका कॉलेजच्या भट्टीत ७५० अंशांवर भाजून घेतली. चुन्याशी संयोग किती होतो ते बघायची चाचणी तिघींपैकी एकीनेच नीट पार केली, तीही नदीकाठची नव्हे, टेकडीच्या पायथ्याची. फिकट, बोटावर चोळली की पावडरसारखी लागणारी.

तिचे २८ दिवसांचे क्यूब परवा फुटणार आहेत. मामांची त्या दिवशी सुट्टी होती, ती त्यांनी रद्द केली. मास्क आता सायलोच्या शिडीलाच टांगलेले असतात आणि कपलिंगला साखळी घातली आहे. माती दळायलाही मास्क लावूनच बसायचं, हे या वेळी मला सांगावं लागलं नाही.