तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात राहून वादळात बोट कशी सांभाळता?

उद्यमबागेत शॅकलची, म्हणजे साखळी जोडायच्या लोखंडी कडीची, पिन करून घ्यायला गेलो की लेथवरचा माणूस विचारतो. टिळकवाडीत चहाला बसलो की मित्र विचारतात. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाल्याची बातमी आली की मग फोनच सुरू होतात. "तुमची शिडाची बोट तिकडं पणजीला मांडवीत, तुम्ही इकडं घाटावर. वादळ येणार म्हटल्यावर नेमकं करता काय? चार दोर जास्त बांधून येता, होय ना?"

दोर बांधतो, पण ते सगळ्यात शेवटी. आधी बोटीवरून जे जे निघतं ते काढायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. चाळीस किलोमीटरचा वारा ऐंशीवर गेला, की ज्या शिडाने, छताने, सोलर पॅनेलने कधी त्रास दिला नाही तेच बोटीला दोरावर खेचायला लागतं. म्हणून पहिल्यांदा शिडं उतरवायची. पुढचं शीड फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळायच्या फिरत्या दांडीवर, घट्ट गुंडाळून वर दोरी मारली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नाही होत. एखादा झोत कडेची हातभर पट्टी सोडवतो, तिच्यात वारा भरतो आणि बघता बघता सगळं शीड उघडतं. मग बोट मूरिंगवर, म्हणजे तळाशी साखळीने अडकवलेल्या तरंगत्या बोयावर, अशी उधळते की विचारू नका. ते खाली उतरवून, घडी घालून केबिनमध्येच गेलं पाहिजे. उन्हाचं छत, बाहेरच्या गाद्या, मागे टांगलेलं इंजिन, सगळं उतरवायचं. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, खाली घेऊन डेकवर बांधायचा. हे एकट्याचं काम नाही. तिथला एक तांडेल मदतीला येतो आणि मोबदल्यात पैशांपेक्षा बेळगावच्या कुंद्याचीच (मिठाईची) चौकशी जास्त करतो.

दोरांकडे मग वळायचं. वादळात चांगला दोर ताणाने सहसा तुटत नाही, तो काचून तुटतो. मूरिंगच्या बोयापासून आलेला दोर बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जिथे धातूच्या खाचेतून आत येतो, तिथे तो रात्रभर वीतभर पुढे, वीतभर मागे सरकत राहतो. तेवढ्या एका विताचाच प्रश्न असतो. मी तिथे फायर ब्रिगेडच्या जुन्या कापडी पाइपचा तुकडा चढवतो आणि दोन्ही टोकांना बारीक सुतळीने शिवून टाकतो. नुसता बांधला तर तो पहिल्या तासातच घसरून भलतीकडे जातो आणि उघडा दोर धातूवर येतो. नायलॉन ताणतो, झटका पचवतो, म्हणून लांबी नायलॉनचीच हवी. पण घासण्याच्या जागी पॉलिएस्टर जास्त टिकतं, कारण सतत ताण-ढील झाल्याने नायलॉन आतून तापतं. दोर दोन लावायचे, वेगवेगळ्या क्लीटना (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंट्यांना), आणि दुसरा किंचित ढिला. पहिला गेलाच तर दुसऱ्याने भार घ्यायचा.

पाण्याखालची साखळी मात्र आदल्या दिवशी बघून उपयोग नाही. तिच्यावर कालवं चढलेली असतात, वरून ती धडधाकट दिसते, पण तळाशी चिखलात घासणाऱ्या कड्या निम्म्याने झिजलेल्या असतात. हंगामाच्या सुरुवातीलाच पाणबुड्याला उतरवून ती तपासायची. शॅकलची पिन तारेने बांधलेली हवी, नाहीतर बोट गोल फिरता फिरता ती आपसूक उघडते. उद्यमबागेतल्या माझ्या फेऱ्या त्यासाठीच असतात.

आता वाऱ्याची दिशा. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असेल, तर गोव्यात वारा आधी आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, मग नैर्ऋत्येकडून. मे 2021 मधलं तौक्ते असंच गोव्यासमोरून वर गेलं आणि 17 तारखेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं. आत्ताचा वारा बघून बोट 'सुरक्षित' बांधणाऱ्याची सहा तासांनी पंचाईत होते, कारण बोट पूर्ण फिरलेली असते. तेव्हा आजूबाजूला काय आहे ते बघायचं. शेजारची बेवारस होडी, सैल बांधलेला बार्ज. आपली बोट कितीही नीट बांधा, सुटलेलं दुसरं काही येऊन आदळलं तर काय करणार? जून 2000 मध्ये वाहत येऊन कांदोळीच्या वाळूत रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' सहलीला गेलेल्या कितीतरी बेळगावकरांनी पाहिलं असेल. ते तर अख्खं जहाज होतं.

आणि वेळेचं गणित. बंदरावर एक-दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ अजून दूर समुद्रात. तीन-चारला बंदराला धोका सुरू होतो. आठ ते दहा म्हणजे महासंकट. पणजीचा माणूस तीन नंबरपर्यंत थांबू शकतो. मी एक-दोनलाच निघतो, कारण वादळाचा पाऊस चोर्ला घाटात आधी पडतो, झाडं आडवी होतात, आणि रस्ता बंद झाला की सगळं ज्ञान बेळगावातच राहतं. फुकट खेप झाली तर झाली. वादळं बरीचशी वळून ओमानकडे जातात, मग घरी टोमणे खायचे.

"मग तुम्ही रात्रभर बोटीवरच थांबता की काय?" हा पुढचा प्रश्न. नाही. अंधारात, आडव्या पावसात, मूरिंगवर नाचणाऱ्या बोटीत एक माणूस काहीही वाचवू शकत नाही, उलट त्यालाच वाचवायला कुणाला तरी यावं लागतं. काम संपलं, कॉकपिटची, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेची, गाळणी पानं-प्लास्टिक काढून मोकळी केली, तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून तो चालू होतो का बघितलं, की किनाऱ्यावर.

एक गोष्ट मात्र पणजीकरांपेक्षा आम्हाला आधी कळते. मांडवी म्हणजे आमचीच म्हादई, खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावलेली. घाटमाथ्यावर धो धो कोसळलं, की ओंडके, बांबू, केंदाळ घेऊन पाणी खाली उतरतं. समुद्रावर वारा पडलेला असतो, ऊन पडलेलं असतं, लोक शिडं परत चढवायला लागतात, आणि वरून लोंढा येतो. म्हणून वादळ गुजरातला पोचल्याची बातमी आली तरी मी घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला फोन करून पावसाची चौकशी करतो, आणि तिथली उघडीप पक्की झाल्याशिवाय दुसरा दोर काढत नाही.