अध्यक्षपद आणि दोन नेलकटर

मंगळवार, १७ मार्च

सकाळी आमच्या बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या ग्रुपवर गुलाबांची चौकट, मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडकांबरोबर आदिवासी मुलांच्या शाळा उभ्या करणाऱ्या अनुताई वाघांचा फोटो आणि खाली 'त्यागमूर्तीस विनम्र अभिवादन'. आज त्यांचा जन्मदिवस, १९१० सालचा, गाव मोरगाव. अकरा जणांनी हात जोडून झाले होते. बारावे माझे. मग कुकर लावायला गेले.

तिसऱ्या शिट्टीपर्यंत तो 'त्याग' काही डोक्यातून जाईना. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तिथून ही बाई शिकली, शिक्षिका झाली, दिवसा पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाली आणि बी.ए. झाली तेव्हा पन्नाशी उलटली होती. आयुष्यभर एकेक गोष्ट अशी ओढून घेणाऱ्या बाईला आपण 'त्यागमूर्ती' म्हणतो. तिनं टाकलं काय, हेच बघतो. मिळवलं काय, ते विचारत नाही. असो. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर तिथंच चर्चासत्र भरलं असतं.

दुपारी सरांचा फोन. सर एक्याऐंशीचे. आमची बालवाडी त्यांनी आणि काकूंनी निवृत्तीच्या पैशांतून सुरू केली. काकू जाऊन आता चार वर्षं झाली.

"या सभेत मी अध्यक्षपद सोडतोय," म्हणाले. "तू घे."

"सर, मला मुलांचं काही कळत नाही. मी हिशेबाची बाई."

"मला तरी कुठं कळायचं? हिला कळायचं." आणि फोन ठेवून दिला. कानाला त्रास असल्यामुळे त्यांना नको असलेलं उत्तर ऐकू येत नाही, ही त्यांची जुनी सोय आहे.

गुरुवार, १९ मार्च, गुढीपाडवा

घरची गुढी उभारून नऊ वाजता बालवाडीत. पाटीपूजन होतं. पाटीवर सरस्वती काढायची, हळद-कुंकू, फूल, मग साखरेची गाठी. पटावर सव्वीस मुलं, आली चौदा. गाठी चौदा जणांत वाटूनही उरल्या. बालवाडीत शिकवणाऱ्या ताईंना विचारलं, बाकीची? त्यांनी खिडकीतून भट्टीच्या धुराकडे हात केला.

आमच्या भागात दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्याआधीच बयाणा घेतलेला असतो, तो विटा थापून फेडायचा. कच्च्या विटा रचून, वर पेंढा नाहीतर प्लास्टिक टाकून केलेल्या खोपटाला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं याच आपल्या पट्ट्यात भट्ट्यांवरच शाळा भरवल्या, त्यांचं नावही भोंगाशाळा. आमची बालवाडी मात्र रस्त्याच्या अलीकडे आहे, पक्क्या खोलीत, फरशी आणि पंख्यासकट. भट्टी रस्त्यापलीकडे. मध्ये फक्त रस्ता आहे, आणि बारा मुलं तो ओलांडत नाहीत.

आज गाठीच्या पिशवीकडे बघत बसले आणि पुन्हा कोसबाड आठवलं.

ताराबाई मोडकांबद्दल मला सगळ्यात नवल वाटतं ते त्यांच्या वयाचं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम झालं होतं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला होता, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं होतं. नाव होतं, मान होता. पुढचं सगळं आयुष्य भाषणांत आणि उद्घाटनांत सहज गेलं असतं. पण १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ बोर्डीला जाऊन ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून बसल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई. मी आज चौपन्नची आहे आणि बदलीच्या भीतीनं दोनदा बढती नाकारलेली आहे.

आणि १९४५ म्हणजे कुठलं साल, तर त्याच मुलखात किसान सभेचे गोदूताई आणि शामराव परुळेकर वारली आदिवासींना वेठीविरुद्ध उभं करत होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोनं जन्मभर त्याच्याकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. अशा घरातल्या पोराला कुणी पुण्या-मुंबईची बाई म्हणणार, चल, मणी ओवायला. आईबाप काय म्हणाले असतील ते मला भट्टीवर दरवर्षी ऐकायला मिळतं.

मुलं येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. म्हणून अंगणवाडी. १९७५ मध्ये सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, त्यात आपलं मेळघाटातलं धारणीही होतं, आणि पुढे हाच शब्द देशभर गेला. आज बिहारमधल्या बाईलाही अंगणवाडी म्हणजे काय ते कळतं, पण ते मुळात कुणाचं तरी खरंखुरं, शेणानं सारवलेलं अंगण होतं, हे आपल्याही ध्यानात राहत नाही.

१९५७ मध्ये त्या बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळा. गुरं चरतात तिथं बाई जाणार. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन फिरत, त्यांना शाळा कशी जमणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, ती विकासवाडी. बहिणीनं धाकट्याला पाळण्यात टाकायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर बिया, शिंपले, खडे, पानं, बांबू. आज त्यालाच चकचकीत नाव देऊन शिबिरं घेतात आणि बिया प्लास्टिकच्या डबीत घालून विकतात.

ही सगळी युक्ती एकाच प्रश्नातून आली असावी, असं मला हल्ली वाटतं. मूल आलं नाही, ते आत्ता या घटकेला कुठं आहे? आमच्या कार्यकारिणीच्या सहा वर्षांच्या इतिवृत्तांत हा प्रश्न एकदाही नाही. मी खात्रीनं सांगू शकते, कारण इतिवृत्तं मीच लिहिलेली आहेत. त्यांत 'पटसंख्या कमी असल्याबद्दल सभेने चिंता व्यक्त केली' हे वाक्य पाच वेळा आहे.

रविवार, २२ मार्च

आज सरांना घेऊन कोसबाडला जायचं ठरवलं होतं. विरारहून डहाणू लोकल पकडायची आणि पुढे रिक्षा. पण रेल्वेचा ब्लॉक होता. सर सकाळी सहालाच टोपी घालून तयार होऊन बसले होते, त्यांना फोनवर समजावता समजावता नाकी नऊ आले. शेवटी त्यांच्याकडेच गेले आणि दिवसभर पावती पुस्तकं जुळवली. एक पावती रद्द केलेली, पण मूळ प्रत पुस्तकात नाही. ऑडिटर त्यावरून माझा जीव खाणार.

मंगळवार, २४ मार्च

पावती सापडली, आणि तिच्यासोबत एक जुनं दुखणंही.

गेल्या वर्षी याच महिन्यात आम्ही सरांचा सत्कार केला. कल्पना माझी. हॉल, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, चहा-वडा, फ्लेक्स. एक देणगीदार कंपनी होती, तिची अट की फ्लेक्सवर त्यांच्या साहेबांचा फोटो सरांच्या फोटोएवढा हवा. दिला. खर्च चौदा हजारांच्या वर गेला. कंपनीनं आठ द्यायचे कबूल केले होते, पाच दिले. राहिलेले पैसे कुठून गेले ते आज खतावणीत समोरासमोर दिसलं. ताईंचं मार्चचं मानधन एप्रिलच्या एकोणीस तारखेला निघालं होतं. सही माझी. ताई काही बोलल्या नव्हत्या. सत्काराला आल्या होत्या, वडे वाढायला.

भाषणात मी सरांना 'दीपस्तंभ' म्हटलं होतं, तेही आठवलं. सर तेव्हा कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत होते. आज कळलं, का.

संध्याकाळी त्यांना सांगितलं की मानधनाचं असं झालं होतं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मी तेव्हाच तिला माझ्या पेन्शनमधून दिले. तिनं परत केले एकोणीसला." आणि पुढे, अगदी सहज, "ही असती तर सत्कारच होऊ दिला नसता."

मी अध्यक्ष का व्हायला नको, याचं याहून चांगलं कारण माझ्याजवळ नव्हतं. मी ते सांगितलं. सर म्हणाले, पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत दाखल करावा लागतो, तोवर विचार कर.

शनिवार, २८ मार्च

पहाटे साडेसहाला भट्टीवर गेले. ताई, मी आणि आमच्या मदतनीस मावशी. मावशींना मी आधी सांगितलं नव्हतं, पण त्या रस्त्यातच उभ्या होत्या, हातात बादली आणि तांब्या.

उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून तिथं दोन-तीन वाजल्यापासून विटा थापायला सुरुवात होते. आम्ही पोचलो तेव्हा ओल्या विटांच्या रांगा लागलेल्या होत्या, सरळ, शाळेच्या प्रार्थनेसारख्या. बाया विटांसाठी कालवलेला मातीचा गारा वाहत होत्या. भट्टीचा मुनीम पुढे आला, कोण, कशाला. ताईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "या अध्यक्ष." मुनीम बाजूला झाला. खोटं तर खोटं, पदाचा पहिला उपयोग झाला.

तिसऱ्या भोंग्यापाशी एक मुलगी, सात-आठ वर्षांची असेल, कडेवर वर्षाचं पोर. ते पोर तिच्या कमरेला इतकं चिकटलेलं की दोघांचा मिळून एकच जीव वाटावा. ताईंनी विचारलं, येतेस का बालवाडीत? तिनं नुसतं कडेवरच्याकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, त्यालाही आण. आम्ही कागदावर तीन ते सहा वर्षांची मुलं घेतो. ही मोठी, तो लहान. दोघंही नियमाबाहेर. मी नियमच बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मावशी खाली बसल्या आणि पोराचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नखं बघा केवढी. माती गेलीय आत."

पर्समध्ये माझं नेलकटर होतं. मावशींच्या हाताला थरथर आहे, ताई नावं लिहीत होत्या. म्हणून मी बसले. इतक्या लहान मुलाची नखं मी बावीस वर्षांत कापली नव्हती. मूल गप्प राहतच नाही, बोट आत ओढून घेतं, आपण श्वास धरून कापायचं. चार झाली, पाचव्याला त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला. दोनच दात, पण खालचे. मुलगी पहिल्यांदा हसली आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. ताईंना निम्मं कळलं. ताईंच्या मते, ती म्हणाली की हा मुकादमालाही चावतो.

मग रांगच लागली. मोठ्या पोरांनी हात पुढे केले, एकानं पायही. माझ्या नेलकटरचा वरचा दांडा सातव्या मुलाला निखळला. मावशींनी तोवर चौघांची तोंडं धुतली होती. एक आई गाऱ्याच्या हातानं लांबूनच बघत होती. जवळ आली नाही, हाकलूनही दिलं नाही.

मुलं किती आली? तीन. ती मुलगी त्यांत नव्हती. रस्त्यापर्यंत आली, कडेवरच्याला सावरलं आणि परत फिरली.

सोमवार, ३० मार्च

बालवाडीच्या मागच्या खोलीत जुन्या खुर्च्या, सन्मानचिन्हांची खोकी आणि गेल्या वर्षीचा तो फ्लेक्स आहे. खोली रिकामी केली तर दोन झोळ्या टांगता येतील. छताला कडी आहे का ते मावशींनी काठीनं बडवून पाहिलं. आहे. ताईंचं म्हणणं, झोळ्या इथं टांगून उपयोग नाही, भट्टीवरच टांगा, मूल नजरेआड जाऊ द्यायला आई तयार होणार नाही. मी म्हटलं, तिथं मुनीम. ताई म्हणाल्या, मग तुम्ही या की परत. फ्लेक्स तेवढा मावशींनी मागून घेतला, पावसाळ्यात त्यांच्या पडवीला लावायला.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, कोसबाडचं सगळं अनुताईंनी पाहिलं. एकीला १९६२ मध्ये पद्मभूषण, दुसरीला १९८४ मध्ये पद्मश्री. ही सालं मला पाठ आहेत, कारण भाषणात लागतात. आज दुपारी झोळीचं माप घेताना वाटलं, ताराबाई गेल्या त्या दिवशी अनुताईंनी सकाळी काय केलं असेल? मुलं तर आलीच असणार.

संध्याकाळी सरांकडे कॅशबुक घेऊन गेले. उद्या वर्ष संपतं. शेवटची नोंद मोठ्यानं वाचून दाखवली: नेलकटर दोन नग, साबण सहा, कंगवे चार.

"नेलकटर कोणत्या खात्यात टाकतेस?"

"शैक्षणिक साहित्य."

"ऑडिटर विचारेल."

"विचारू दे."

सरांनी चष्मा पुसला, व्हाउचर पुढे ओढलं आणि 'अध्यक्ष' लिहिलेल्या जागेवर पेन टेकवून थांबले. "इथं सही कुणाची?"

"उद्यापर्यंत तुमचीच," म्हटलं.

त्यांनी सही केली. मनगटावरचा वण अजून गेलेला नाही, दोन ठिपके आहेत.