नातवंडांच्या हाती मोठा कॅमेरा

सुट्टीत नातवंडं साताऱ्यात आली की घरातल्या मोठ्या कॅमेऱ्याकडे त्यांचे हात जातातच. बहुतेक घरांत अशा वेळी कॅमेरा कपाटात जातो आणि मुलांच्या हाती मोबाइल किंवा खेळण्यातला प्लॅस्टिकचा कॅमेरा येतो. माझं मत स्पष्ट आहे: चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला खरा कॅमेरा द्यावा. खेळण्यातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबून फोटो निघेपर्यंत मांजर अंगणातून पसार झालेलं असतं, आणि मुलाला वाटतं चूक आपलीच. चांगल्या कॅमेऱ्यात दाबल्याक्षणी फोटो निघतो, त्यामुळे आपल्या बोटाचा आणि त्या फोटोचा संबंध मुलाला लगेच कळतो. प्रश्न उरतो वजनाचा आणि किमतीचा. दोन्हींवर उपाय एकच आहे. वजन मुलाच्या हातातून काढायचं आणि जमिनीवर, चौरंगावर किंवा ट्रायपॉडवर टाकायचं. मुलाकडे फक्त डोळा आणि बोट ठेवायचं.

वजनाचे आकडे एकदा नीट बघा. निकॉन डी८५० बॅटरी आणि कार्डासकट १००५ ग्रॅम भरतो. त्यावर २४-७० मिमी एफ २.८ ची व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी झूम लेन्स लावली की आणखी १०७० ग्रॅम (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). कॅनन ५डी मार्क ४ थोडा हलका, ८९० ग्रॅम, पण ७०-२०० एफ २.८ लावल्यावर तोही सव्वादोन किलो ओलांडतो. सहा वर्षांचं मूल साधारण २० किलोचं असतं. शाळेच्या दप्तराबाबत केंद्राचं २०२० चं धोरण आहे, त्यात दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या १० टक्के ठरवली आहे, म्हणजे या मुलासाठी २ किलो. तेही पाठीवर, दोन्ही खांद्यांवर वाटलेलं. तेच वजन हात पुढे करून डोळ्यांसमोर धरायला लावलं तर अर्ध्या मिनिटात मनगटं थरथरतात. मूल कंटाळत नाही, थकतं. हा फरक आपल्या लक्षात येत नाही आणि आपण म्हणतो, याला आवड नाही.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे झूम काढून ५० मिमी एफ १.८ ही झूम नसलेली लेन्स लावा. निकॉनची जी मालिकेतली १८५ ग्रॅम, कॅननची एसटीएम १६० ग्रॅम. डी८५० सकट सगळं मिळून सव्वा किलोच्या आत बसतं. वजन घटतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड खाली झुकायचं थांबतं. लांब लेन्समध्ये भार पुढे असतो आणि तो लहान मनगटाला पेलत नाही. शिवाय झूम नसल्यामुळे मुलाला स्वतः पुढेमागे सरकावं लागतं, आणि चौकटीत काय घ्यायचं हे शिकायला त्याच्याइतकी चांगली सवय दुसरी नाही. लेन्सवर साधा प्रोटेक्टर फिल्टर आणि हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारी आखूड नळी, दोन्ही असू द्या. हूडचा उपयोग इथे उन्हापेक्षा धक्क्यासाठी जास्त आहे. भिंतीवर किंवा फरशीवर आपटलं तर आधी हूड आपटतो.

मुलाला उभं करू नका, खाली बसवा. मांडी घालून किंवा गुडघे वर घेऊन, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. डावा तळहात लेन्सच्या खाली, वर उघडा. मुलं कॅमेरा दोन्ही बाजूंनी डब्यासारखा धरतात, मग सगळा भार बोटांवर येतो आणि उजवं बोट शटरच्या बटणापर्यंत पोचत नाही. तळहात खाली आला की उजवा हात मोकळा होतो. पाच वर्षांखालच्या मुलासाठी चौरंगावर धान्याची पिशवी ठेवा. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवायचं, साधारण दीड किलो ज्वारी भरायची, दुसरं टोक शिवायचं. पिशवी दोनतृतीयांशच भरा. गच्च भरली तर कॅमेरा वरून घसरतो, सैल असेल तर लेन्स त्यात रुतून बसते. तांदूळही चालतो, पण ज्वारीचा दाणा गोल असल्यामुळे कॅमेरा वळवला की पिशवी चटकन आकार बदलते.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कॅमेरा पडण्याचं मोठं कारण तोच आहे. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पट्टा कडेवरून लोंबत राहिला की मूल तो ओढतं, किंवा जाता जाता त्याचा पाय त्यात अडकतो. टेबलावर ठेवताना पट्टा कॅमेऱ्याभोवती गुंडाळायचा, ही सवय आधी आपल्याला लागली पाहिजे. मुलाच्या गळ्यात पट्टा घालायचा तर तो आखूड करा, कॅमेरा छातीपाशी आला पाहिजे. पोटाखाली लोंबला की तो चालताना हेलकावे खातो आणि दगडावर आपटतो. आणि गळ्यात पट्टा असताना पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. तो गळ्याला फास बसण्याचा प्रश्न आहे, कॅमेऱ्याची काळजी त्यानंतरची.

ट्रायपॉड असेल तर पाय पूर्ण पसरवा, मधली दांडी खालीच ठेवा आणि खालच्या हुकाला दोन-तीन किलोची पिशवी जमिनीला जेमतेम टेकेल अशी अडकवा. उभ्या मुलासाठी उंची त्याच्या डोळ्यांशी जुळवा, आपल्या नाही. ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, गोळ्यावर फिरणारा बॉल हेड मुलांना देऊ नये. त्याचा खटका सैल झाला की लेन्स एकदम खाली कोसळते आणि बोट चिमटतं. दांडीवाला व्हिडिओ हेड उत्तम, कारण तो जडपणे, सावकाश फिरतो. कॅमेरा झटकन सोडवणाऱ्या क्विक रिलीजच्या खटक्यावर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. मोठी टेलिफोटो लेन्स असेल, उदाहरणार्थ निकॉनची २००-५०० (कॉलर म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्यासकट ती २३०० ग्रॅम आहे), तर ट्रायपॉडला कॉलर जोडायची, कॅमेरा नव्हे. नाहीतर सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे, येतो. अशा जोडणीत मुलाच्या हातात केबल रिलीज (वायरच्या टोकाचं शटरचं बटण) दिली तर कॅमेऱ्याला धक्काही लागत नाही.

आता सेटिंग. पूर्ण ऑटो नको, त्यात फ्लॅश स्वतःहून उघडणारे कॅमेरे असतात आणि शटरचा वेग आपल्या हातात राहत नाही. अपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, वेग कॅमेऱ्याने), एफ ५.६, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता कॅमेऱ्यावर सोडायची), आणि त्यात किमान शटर १/५०० सेकंद ठेवा. मुलांचे फोटो हलतात ते हात कापण्यापेक्षा बटणावर बोट आदळल्यामुळे, आणि १/५०० त्याला बऱ्यापैकी पुरतो. अंगणातल्या उजेडी सावलीत याला आयएसओ ४०० च्या आसपास लागतो. घरात मात्र हा हिशोब कोलमडतो. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात एफ ५.६ आणि १/५०० ला आयएसओ २५६०० च्या घरात जातो आणि फोटो दाणेदार येतो. तिथे एफ २.८ आणि १/१२५ करा, आयएसओ १६०० च्या आसपास येईल. एफ १.८ वर जाण्याचा मोह टाळा. एक मीटरवर ५० मिमी लेन्सला एफ १.८ मध्ये जेमतेम ४ सेंटिमीटर भाग स्पष्ट मिळतो, एफ ५.६ मध्ये १३ सेंटिमीटर. मूल फोकस झाल्यावर जरा पुढे झुकलं तरी तेवढ्यात आजीचे डोळे सोडून कान स्पष्ट येतो.

सलग फोटो काढण्याची सोय बंद करून एकेरी ठेवा. डी८५० आणि ५डी मार्क ४ दोन्ही सेकंदाला ७ फोटो काढतात. बोट दहा सेकंद दाबलेलं राहिलं तर सत्तरच्या आसपास फोटो, आणि तो आवाज मुलांना इतका आवडतो की बघणं राहूनच जातं. कार्ड वेगळं, ३२ जीबीचं, त्यांच्यासाठीच ठेवा. आपल्या कार्डावरचे फोटो त्यांच्या हाती नकोत. आणि एक गोष्ट पक्षी टिपणारे हमखास विसरतात: मागच्या बटणावर फोकस ठेवला असेल तर तो परत शटरच्या बटणावर आणा. नाहीतर मुलाचा प्रत्येक फोटो अस्पष्ट येईल आणि कारण कुणालाच कळणार नाही.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघणं मुलांना जड जातं. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही. त्यांनी दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवावा, किंवा आपण ठेवावा. डायऑप्टरची, म्हणजे त्या खिडकीचा नंबर जुळवणारी चकती आपल्या नंबराप्रमाणे फिरवलेली असते, त्यामुळे मुलाला धूसर दिसतं आणि ते सांगत नाही, कारण असंच दिसतं असं त्याला वाटतं. आधी चकतीची जागा मोबाइलवर टिपून ठेवा, मग मुलाला व्ह्यूफाइंडरमधले आकडे ठळक दिसेपर्यंत ती फिरवा. अगदीच जमत नसेल तर मागच्या पडद्यावर बघू द्या. कॅननच्या ५डी मार्क ४ मध्ये पडद्यावरचा फोकस झपाट्याने लागतो, डी८५० मध्ये तो रेंगाळतो, म्हणून तिथे हलणाऱ्या गोष्टींपेक्षा तुळस, जातं, चपलांची रांग असले स्थिर विषय द्या.

बटण दोन टप्प्यांचं असतं हे शब्दांनी समजत नाही. मुलाच्या बोटावर आपलं बोट ठेवून अर्धं दाबा, बीप ऐकवा, मग पूर्ण दाबा. मध्यभागचा एकच फोकसचा ठिपका चालू ठेवा. ठिपका ज्याच्यावर ते स्पष्ट येणार, एवढा एक नियम पुरे. सगळे ठिपके कॅमेऱ्यावर सोडले की तो बहुधा सर्वांत जवळचं, म्हणजे पुढचं गवत पकडतो. मुलं वस्तूच्या फार जवळ जातात. निकॉनची ५० मिमी ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, कॅननची ३५ च्या आत. तेवढ्या जवळ गेलं की कॅमेरा फोटोच काढत नाही आणि मूल बटण अधिक जोराने दाबतं. त्याला हाताचं माप द्या: कोपरापासून बोटांपर्यंत, स्वतःचा नव्हे, आजोबांचा हात. निकॉनसाठी तेवढं अंतर ठेवलं की अडत नाही.

लेन्स काढायचं बटण माउंटच्या शेजारी असतं आणि चाळा करणारी बोटं तिथेच पोचतात. ते पहिल्याच दिवशी दाखवा, त्याने काय होतं तेही दाखवा. लपवलेली गोष्ट मूल एकटं असताना दाबून बघतं. लेन्स बदलणं मात्र नऊ-दहा वर्षांपर्यंत मोठ्यांनीच करावं. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात तर लेन्स निघाली की बहुतेक वेळा फोटो टिपणारा सेन्सर उघडाच समोर येतो. कॅमेरा हातात घेण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. कंदी पेढा खाल्लेलं बोट काचेवर उमटलं तर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे गोल पुसा. पदराने किंवा सदऱ्याने पुसलं तर धुळीचा कण काचेवर घासला जातो.

सूर्याबाबत कसलीही सूट नाही. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः टेलिफोटो लावून, सूर्याकडे बघितलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना सूर्यास्त टिपायचाच असतो. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर किंवा ‘चार भिंती’ या स्मारकापाशी गेलात तर त्यांना पाठ सूर्याकडे करून बसवा आणि शहरावर पडलेला उजेड टिपू द्या.

जागांचं म्हणाल तर कास पठार ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलतं. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही हे मुलांना कॅमेरा देण्याआधी सांगायचं. सीतेची आसवं, गेंद ही फुलं इवलीशी असतात, ५० मिमीने ती ठिपक्याएवढी येतात. तिथे लांब लेन्स, खाली धान्याची पिशवी, आणि वाटेच्या कडेला बसकण. पावसाळी दिवसांत एसीच्या गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेने काच धुरकटते. पिशवी न उघडता वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा. ठोसेघरच्या धबधब्यापाशी कठड्याच्या बाहेर कॅमेरा धरू देऊ नका, पट्टा मोठ्यांच्या मनगटाला. सांगलीत आयर्विन पुलाच्या कमानी मुलांना फार आवडतात, पण कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा घाटाच्या वरच्याच पायऱ्यांवर बसा. बेंदराला सजवलेल्या बैलांचे फोटो लांबूनच. डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूने येणारं जनावर दिसत नाही.

एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत. संध्याकाळी सगळे फोटो टीव्हीवर लावा आणि मुलासमोर एकही फोटो उडवू नका. त्यातले पाच त्यालाच निवडू द्या. आपल्या दृष्टीने वाकडे, अर्धी डोकी कापलेले असतील, तरी कापाकापी करून सुधारू नका. साध्या ४ बाय ६ च्या प्रती काढून मागे तारीख आणि त्याचं वय लिहा. ‘हा पुसट का आला?’ असं मुलानेच विचारलं की त्या दिवशी अपर्चरची चकती दाखवायची, एफ १.८ आणि एफ ८ मध्ये एकाच तांब्याचे दोन फोटो काढायला लावायचे. त्याच्या आधी नाही.